एका वाड्यात किती जाती? प्राणिसंग्रहालयासाठी जोड्या जमवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात राहतो आणि प्राणिसंग्रहालयांचे आराखडे काढतो. वाडा (म्हणजे जनावरांचं कुंपणातलं मोकळं आवार), खंदक, रात्रीच्या खोल्या, कीपरची वाट, लोकांची वाट असं सगळं. पशुवैद्यक नाही, पण त्यांच्या शेजारी बसून बरंच ऐकलंय. आर्किटेक्चरची पोरं, निसर्गमंडळातले मित्र, कृषी पर्यटनवाले आणि एखाद-दुसरे नगरसेवक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

थीम आधी ठरवायची की प्राणी?

आधी दारं मोजायची.

दिवसा चार जाती एका मोठ्या वाड्यात छान दिसतात. पण संध्याकाळी कीपर खाद्य घेऊन येतो तेव्हा प्रत्येक जातीला वेगळ्या खोलीत जाता आलं पाहिजे. दोन नरांचं जमत नसेल तर एका जातीला दोन खोल्या लागतात. आजारी, व्यायलेली आणि नवी आलेली जनावरं धरून आणखी एक. शिवाय प्रत्येक खोलीला दोन दारं हवीत, म्हणजे एका दारात कुणी आडवं बसलं तर दुसऱ्यातून निघता येईल. चार जाती म्हटलं की बारा-चौदा दारांचा हिशेब झाला. तेवढ्या दारांना जागा, लोखंड आणि माणसं नसतील तर चारच्या दोन जाती करायच्या. थीमचा बोर्ड सगळ्यात शेवटी रंगवला तरी चालतो.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी (नाव राहू द्या) नीलगाय आणि काळवीट एकत्र दाखवायचे होते. मी एकच लांब शेड काढली, आतून जाळीने भागलेली आणि बाहेरून एकच सरकतं दार असलेली. कागदावर स्वच्छ दिसत होती, खर्चही कमी. पहिल्याच आठवड्यात नीलगाईचा नर त्या दारात रवंथ करत बसायला लागला. रागावून नव्हे हो, सावली तिथेच होती आणि वारंही तिथूनच येत होतं. काळविटं दहा-बारा पावलांवर उभी, मान वर, कान त्याच्याकडे. तो उठेपर्यंत एकही पुढे झालं नाही. अंधार पडला तरी ती बाहेरच. तिसऱ्या दिवशी कीपर मला म्हणाला, "साहेब, तुमी दार काढलंय, पण वाट काढली नाही." शेवटी मागच्या बाजूने भिंत फोडून दुसरं दार काढावं लागलं. मूळ आराखड्यात वाचलेले सगळे पैसे त्यात गेले, वर थोडे जास्तच.

"सोलापूरचं माळरान" अशी थीम धरली तर कोण कोण एकत्र नांदेल?

ही थीम माझी सगळ्यात लाडकी. आपल्याकडे लोकांना वाघ-सिंह पाहिजे असतो आणि शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, हे बऱ्याच सोलापूरकरांनी फक्त बोर्डावर वाचलेलं असतं. कुसळीचं गवत, मधेच बोरी-बाभळी, मुरमाड उतार. एवढं उभं करायला सिमेंटचे खडक लागत नाहीत, गुहा लागत नाही आणि पाणीही कमी लागतं. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे ही साधी गोष्ट नाही.

पाया काळविटांचा. कळपाने राहतात, दिवसा हिंडतात, उघड्यावर राहतात, म्हणजे लोकांना दिसतात. सोबत जमिनीवरचे पक्षी चालतात, तित्तर आणि मोर. वरून जाळी नसेल तर माळावरचे चंडोल आणि होले आपणहून येतातच, त्यांना आणावं लागत नाही.

घोळ होतो तो काळविटाच्या नराचा. माज जोरात असतो तेव्हा नर एक तुकडा आपला ठरवून घेतो. डोळ्यापुढच्या ग्रंथीचा काळसर चिकट स्राव बोरीच्या काट्यांच्या टोकाला लावतो, एकाच जागी लेंड्या टाकून ढीग करतो, मान मागे टाकून, कान पाडून, नाक वर करून चालतो. लोकांना ही ऐट वाटते आणि फोटो काढतात. शेजारी दुसरा मोठा नर असेल आणि वाड्याला कोपरा असेल तर त्याच कोपऱ्यात दुसऱ्याच्या बरगडीत शिंग जातं. म्हणून काळविटांच्या वाड्याला काटकोन ठेवायचा नाही, कोपरे गोल करायचे. मध्ये दोन-तीन ठिकाणी झुडपांची आडोशाची रांग हवी. एका वाड्यात एकच मोठा नर आणि माद्या, बाकी नर वेगळ्या वाड्यात. नुसता नरांचा कळप माद्या जवळ नसल्या तर बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतो.

चिंकारा घालावा का, हे नेहमी विचारतात. चिंकाराही माळावरचाच, पुणे जिल्ह्यातलं मयूरेश्वर-सुपे अभयारण्य त्यासाठीच ओळखलं जातं. पण तो वीस-बावीस किलोचा लाजरा जीव, दोघा-तिघांत राहणारा. काळविटाचा नर त्याच्या जवळजवळ दुप्पट. वाडा फार मोठा असेल आणि चिंकाराच शिरू शकेल अशा अरुंद फटींचा एक पट्टा राखलेला असेल तरच घालावा. फट किती रुंद ठेवायची? तुमच्या वाड्यातल्या सगळ्यात लहान काळविटाची छाती मोजा आणि त्याहून कमी. पुस्तकातला आकडा घेऊ नका.

नीलगाय माझ्या मते या थीममधून वगळावी. नर दोनशे किलोच्या वर जातो. भांडायचं मनात नसलं तरी त्याच्या चालण्यातच पाडस तुडवलं जाऊ शकतं, कारण काळविटाचं पिल्लू पहिले काही दिवस गवतात चिकटून पडून राहतं, पळत नाही. तसंच चांदणी कासवही. खुरांखाली ते दगडासारखंच दिसतं.

आणि माळढोक? नको. तो दाखवायचा पक्षी राहिलेला नाही, वाचवायचा आहे. राजस्थानात त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे, ते लोकांच्या नजरेपासून लांब. आपल्या वाड्यात त्याचं चित्र लावा, खाली चार ओळी लिहा.

नान्नजला लांडगेही आहेत. मग लांडगा आणि काळवीट एकत्र दिसतील असं करता येईल का?

एकत्र दिसतील, एकत्र राहणार नाहीत. ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेन इथे कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये बाग उघडली. तिथे पुढे तळं, त्यामागे चरणारे प्राणी, त्यामागे सिंह, त्यामागे डोंगर असे टप्पे होते. मधले खंदक पाहणाऱ्याच्या नजरेत येत नव्हते, सगळे एकाच मैदानात असल्यासारखे वाटायचे. त्याआधी 1896 मध्ये त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं होतं. आज आपण सर्रास "उघडा वाडा" म्हणतो त्याचं मूळ तिथे.

पण हागेनबेक यांनी फसवलं ते माणसाच्या डोळ्याला. काळविटाच्या नाकाला खंदक दिसत नाही. लांडग्याचा वास आणि रात्रीची कोल्हेकुई-लांडगेकुई सतत पोचत राहिली तर काही कळप सवय करून घेतात, काही घेत नाहीत, आणि कुठला कळप कसा निघेल हे आणल्यावरच कळतं. म्हणून मी तीन गोष्टी धरतो. एक, वाऱ्याची दिशा. आपल्याकडे पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, तेव्हा लांडगे पश्चिमेला ठेवले की चार महिने वास थेट काळविटांवर. दोन, काळविटांना लांडग्याच्या नजरेआड जाता येईल असा निम्मा वाडा. तीन, नजरेचा उतार लोकांच्या बाजूने, म्हणजे लोकांना दोघे दिसतील पण लांडग्याला समोर पाडस दिसणार नाही. नाहीतर लांडगा दिवसभर कुंपणाला येरझाऱ्या घालतो आणि ते बघून पोरं म्हणतात, "पप्पा, याला भूक लागलीय."

स्वित्झर्लंडचे हायनी हेडिगर यांनी विसाव्या शतकात मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. प्रत्येक प्राण्याचं एक पळायचं अंतर असतं. त्याच्या आत शत्रू आला की तो पळतो. वाड्याची रुंदी त्या अंतरापेक्षा कमी असेल तर प्राणी पळत तर राहतो, पण पोचत कुठेच नाही.

चितळ आणि काळवीट एकत्र ठेवतात ना सगळीकडे? दोन्ही हरणंच.

हा घोळ भाषेचा आहे. मराठीत चितळ हरीण, सांबर हरीण, काळवीट हरीण, चिंकाराही हरीण. पण चितळाची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची आयुष्यभर तीच, पोकळ, गाई-शेळ्यांच्या घराण्यातली. त्यामुळे वर्षातले काही महिने चितळाच्या डोक्यावर मखमली आवरणातलं कोवळं, रक्ताने भरलेलं शिंग असतं आणि समोर काळविटाकडे कायम धार लावलेली तलवार.

शिवाय चितळ हा झाडीचा आणि पाणवठ्याचा प्राणी. माळाच्या थीममध्ये तो बसत नाही. एकत्र ठेवलेले पाहिले आहेत, मोठ्या जागेत निभतंही. पण जागा मोठी नसेल तर मी चितळ सांबरासोबत, झाडीच्या वाड्यात ठेवीन.

"आफ्रिकन सव्हाना" करायचं फार मनात आहे. जिराफ, झेब्रा, शहामृग?

जगभर ही तिघं एकत्र दिसतात, म्हणून सोपं वाटतं. जिराफ खरंच सोपा. झेब्रा दिसतो तितका गरीब नाही. झेब्र्याच्या नराने शेजारच्या लहान हरणांच्या पिल्लांना मारल्याचे प्रकार प्राणिसंग्रहालयांच्या जगात जुने आहेत. तो तुकडीत असला, वाड्यात शेवटी सोडलेला असला आणि विण्याच्या दिवसांत बाहेर काढलेला असला तर बरं. शहामृगाचा नर अंड्यांच्या दिवसांत कीपरवरच धावतो.

खर्चाचं मी बोलत नाही, तो तुमचा प्रश्न. पण जिराफाच्या घराची उंची आणि आपल्याकडचा चव्वेचाळीस अंशांचा मे महिना यांचा हिशेब आधी करा. पत्र्याच्या उंच शेडमध्ये डोकं सगळ्यात वर असलेल्या प्राण्याला सगळ्यात गरम हवा मिळते.

आपल्याकडे संभाजी तलाव आहे, हिप्परगा आहे, उजनीला रोहित पक्षी येतात. पाणपक्ष्यांचं मोठं जाळीघर केलं तर?

छान कल्पना आणि पक्ष्यांमध्ये जुळणी सोपीही असते, कारण ते पाण्याची उंची वाटून घेतात. पाणथळाच्या काठाला शराटी, घोटाभर पाण्यात चमचा पक्षी, गुडघाभर पाण्यात चित्रबलाक, खोल पाण्यात बदकं, आणि वर झाडावर ज्याची त्याची फांदी. तळाचा उतार सपाट न ठेवता पायऱ्या-पायऱ्यांचा ठेवला तर भांडणं निम्मी होतात.

दोन पाहुणे मात्र जपून. रातबगळा दिवसा डोळे मिटून बसतो, त्यामुळे त्याच्यावर संशय येत नाही. रात्री तो दुसऱ्यांच्या घरट्यातली पिल्लं उचलतो. आणि पेलिकन. त्याच्या झोळीत मासा जातो तसं बदकाचं पिल्लूही जातं. ज्या जाळीघरात तुम्हाला पिल्लं व्हायला हवीत तिथे हे दोघे नकोत.

रोहित हा कळपाचा पक्षी. चार-पाच आणून ठेवले तर उभे राहतील, घरटी करणार नाहीत. मोठ्या भांडकुदळ हंस-बदकांबरोबर तर मुळीच नाही.

बाहेरचे जंगली पक्षी आणि आतले पक्षी एकच पाणी पिणार नाहीत, हेही बघायचं. बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या की कलेक्टर ऑफिसमधून पहिला फोन जाळीघराला येतो.

मोर कुठेही सोडला तर चालतो ना?

हरणांच्या वाड्यात चालतो. कोंबड्यांच्या शेजारी नाही. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक कृमी असतो, त्याच्या अंड्यातून एक परजीवी पसरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही, मोर आणि टर्की मात्र यकृत सडून दगावतात. तीच माती असेल तर कोंबड्या हलवल्यावरही धोका काही काळ राहतो. गिनी फाउल, कोंबड्या, टर्की आणि मोर एका खुराड्यात ठेवलेले मी फार्महाऊसवर पाहतो तेव्हा काही न बोलता चहा पितो, पण मनात हेच येतं.

जंगली प्राण्यांऐवजी आपली गावठी जनावरं दाखवली तर? "धनगरवाडा" अशी थीम?

करा, जरूर करा. पुण्या-मुंबईच्या पोरांना माहीत नसलेलं आपल्याकडे काय आहे, तर पंढरपुरी म्हैस. तिची शिंगं खांद्याच्याही मागे जातात. तिच्यासोबत खिल्लार बैल, दख्खनी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या. मागे काठी, घोंगडी, वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी). याहून सोलापुरी काय असणार.

आता दारं मोजा. पंढरपुरी म्हशीला साध्या गोठ्याचं दार पुरत नाही. ती मान तिरकी करून शिंगं एकामागून एक आत घेते, शहाणी असते. पण मागून दुसरी ढकलत असेल तर शिंग चौकटीत अडकतं. म्हणून दार चांगलं रुंद आणि चौकटीला टोकदार लोखंड अजिबात नको. शेळ्यांना मात्र उलट, त्यांना फक्त त्यांनाच जाता येईल अशी अरुंद, उंचावर जाणारी पायरी द्या. शेळी उंचावर बसली की वाडा शांत.

मेंढी आणि म्हैस एका गव्हाणीवर नकोत. कारणं दोन. मेंढीच्या अंगात एक हर्पिस विषाणू असतो. तिला स्वतःला त्याचा त्रास होत नाही, पण म्हैस, गवा आणि हरणांच्या बऱ्याच जातींना तो लागला तर तीव्र ताप येऊन, तोंड-डोळे-नाक सुजून जनावर मरतं. मेंढ्या व्यायच्या आणि कोकरं वाढायच्या काळात जास्त जपावं. दुसरं कारण खाद्याचं. म्हशीच्या खुराकात तांबं असतं, ते म्हशीला लागतं. मेंढीच्या यकृतात मात्र तांबं साठत जातं आणि एक दिवस ती अचानक आजारी पडते. बाहेरून काहीच दिसलेलं नसतं.

आणि धनगरवाडा हरणांच्या वाड्यापासून दूर ठेवा, मधे लोकांची वाट आणि कीपरांचे वेगळे गमबूट. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगापासून काळवीट-चिंकारा वाचत नाहीत, लाळ्या-खुरकूत तर दोन्हीकडे जातो.

म्हणजे भांडणापेक्षा आजाराची भीती जास्त?

भांडण दिसतं, आजार दिसत नाही, एवढाच फरक. 2010 मध्ये जर्मनीतल्या वुपर्टालच्या प्राणिसंग्रहालयात एक ध्रुवीय अस्वल मेंदूच्या आजाराने मेली. तपासात मूळ झेब्र्यांकडे आढळणाऱ्या हर्पिस विषाणूचा अंश निघाला. अस्वल आणि झेब्रा कधी एका वाड्यात नव्हतेच.

दक्षिण अमेरिकेचं जंगल ही थीम करणाऱ्यांसाठी एक सांगतो. स्क्विरल मंकी आणि मार्मोसेट ही छोटी माकडं चित्रात शेजारी गोड दिसतात. पण स्क्विरल मंकीच्या अंगात निमूट राहणारा विषाणू मार्मोसेटला मारतो.

एकत्र राहिले आणि संकर झाला तर?

तर तो प्राणी पुढे कुठल्याही संवर्धनाच्या कामाचा राहत नाही, आणि जागा मात्र आयुष्यभर अडवतो. चितळ आणि हॉग डिअर यांचा संकर होतो. रेसस आणि आपलं टोपी माकड यांचाही. आपल्या देशात आफ्रिकन आणि आशियाई सिंहांची सरमिसळ झाली, मग त्या संकरित सिंहांचं प्रजनन थांबवून त्यांना म्हातारं होऊ देण्यापलीकडे मार्ग उरला नाही. एकेकाळी कोलकात्यात वाघ-सिंहांच्या संकराची पिल्लं कौतुकाने दाखवली जायची. आता ते कुणी मिरवत नाही.

नवी जनावरं एकमेकांना कशी दाखवायची? एकदम सोडायची का?

एकदम नाही. आधी किमान तीस दिवस वेगळं ठेवून शेण, रक्त आणि जंत तपासायचे. मग शेजारच्या खोल्यांत, मध्ये जाळी ठेवून, एकमेकांचा वास घेऊ द्यायचा. आठवडाभर जाळीपाशी शांत जेवायला लागले की पुढचं पाऊल.

वाड्यात आधी सोडायचं ते सगळ्यात भित्र्याला. त्याला चार दिवस एकट्याला सगळा वाडा फिरू द्या, लपायच्या जागा पाठ होऊ द्या. दांडगट सगळ्यात शेवटी. लोक करतात नेमकं उलट, "आधी मोठ्याला सेटल होऊ द्या" म्हणतात, आणि मग मोठा मालक होऊन बसतो.

सोडायचा दिवस सोमवार-मंगळवारसारखा गर्दी नसलेला. सकाळी सात वाजता, दुपारी कधीच नाही. कुंपणाच्या जाळीला गोणपाटाच्या पट्ट्या बांधायच्या, कारण घाबरलेल्या काळविटाला जाळी दिसत नाही, तो थेट धडकतो. कडब्याच्या पेंढ्या मधेमधे उभ्या करायच्या, त्याचा आडोसाही होतो आणि खाणंही. पाण्याचा पाइप, फळ्या, जाळं हाताशी. आणि थांबवायचा निर्णय एकाच माणसाचा, पाच जण ओरडले की जनावर गोंधळतं.

पिल्लाला उचलायची वेळ आलीच तर जुनी सोलापुरी चादर बरी पडते. जाड असते, डोळे झाकता येतात आणि अंगाला खरचटत नाही. हे मी एका कीपरकडून शिकलो, मला आधी थट्टा वाटली होती.

सगळ्यांना एकच चारा चालेल?

बहुतेक चरणाऱ्यांना कडबा, मारवेल, लसूणघास चालतो. पण ज्वारीच्या मुलखात राहून किराळ विसरू नका. पाण्याच्या ताणावर वाढलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे हिरवे फुटवे खाल्ले की सायनाइड तयार होतं आणि जनावर पाहता पाहता आडवं होतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. बागेला चारा पुरवणारा ठेकेदार मात्र हिरवं दिसतं म्हणून तेच आणून टाकतो. चारा उतरवताना एक जुना शेतकरी गडी हजर ठेवा.

कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. ते घोड्याला विष आहे, झेब्रा घोड्याच्याच घराण्यातला. मिश्र वाड्यात एकाचा खुराक दुसऱ्याच्या तोंडी जाणारच हे धरून चाला.

गव्हाणी किती? जितके गट, त्याहून एक जास्त, आणि एका गव्हाणीवरून दुसरी दिसू नये इतकी आडोशाला. नाहीतर एकच नर तिन्हींवर लक्ष ठेवतो.

उन्हाळा आणि गड्ड्याची यात्रा, यांचा जुळणीशी काय संबंध?

थेट आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते चार सगळ्या वाड्यात भांडण असतं ते एकाच गोष्टीसाठी, सावलीसाठी. कडुलिंबाचं एक मोठं झाड असेल तर ते सगळ्यात दांडग्याचं. म्हणून सावल्या पसरलेल्या हव्यात, एका ठिकाणी गोळा केलेल्या नकोत. पाणवठेही तसेच.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं तेव्हा एकट्या जातीचा कळप बिथरला तर एका दिशेने पळतो. मिश्र कळप तीन दिशांना पळतो आणि एकमेकांवर आदळतो. त्या रात्री सगळ्यांना आपापल्या खोल्यांत घ्यायचं, दिवे मंद, खोलीला आतून गोणपाट. हरणवर्गीय प्राणी जास्त पळाले, धडपडले, की स्नायूंची नासाडी होऊन एक-दोन दिवसांनीही दगावतात.

मगर-सुसर-कासव? साप? माकडं?

मगर आणि सुसर (घडियाल) एकत्र नको, मगर दांडगी आहे, सुसर मागे पडते. सुसरीसोबत मोठी पाणकासवं राहतात.

साप एका पेटीत एकच जात. नाग दुसरे साप खातो.

टोपी माकड आणि वानर, वेगळे.

माझं बार्शी रोडला फार्महाऊस आहे. थोडे प्राणी-पक्षी ठेवून छोटी थीम केली तर परवानगी लागते का?

हरीण, मोर, पोपट, चांदणी कासव यातलं काहीही खासगीत ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तुमचा हिरवा पोपटही त्यात येतो, "आमच्याकडे आजोबांपासून आहे" हे उत्तर चालत नाही. प्राणिसंग्रहालय म्हणून काही दाखवायचं तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हवी. हे प्राधिकरण 1992 मध्ये आलं. ते मास्टर प्लॅन मागतं आणि कुठल्या जाती का ठेवणार याचा आराखडाही मागतं. मकाऊसारखे आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी पक्षी असतील तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

शेळ्या, मेंढ्या, खिल्लार, पंढरपुरी म्हैस यांना ही कटकट नाही. वर लिहिलेला धनगरवाडा करा. आणि इमूचा विचार असेल तर महाराष्ट्रात इमूपालनाचं काय झालं ते गावातल्या कुठल्याही पाहुण्याला विचारा.

जोडी जमली नाही हे कसं ओळखायचं?

रक्त दिसायच्या बऱ्याच आधी कळतं. दर दहा मिनिटांनी कोण कुठे आहे एवढंच वहीत लिहायचं, आठवडाभर. एक जात सतत कुंपणालगत असेल, तिच्या लेंड्या फक्त कुंपणाच्या कडेला सापडत असतील, मातीत एक घासलेली वाट पडली असेल तर ती जात तुमच्या वाड्यात राहत नाही, वाड्याच्या कडेला राहते. दुपारी कुणीच आडवं पडून रवंथ करत नसेल तर तेही वाईट. वजन दर महिन्याला. पाणी सगळ्यात शेवटी कोण पितं, आणि प्यायला किती वेळ थांबतं.

त्या नीलगाईच्या नराच्या शेडमध्ये दुसरं दार काढल्यावर मी तीन दिवस वही घेऊन बसलो होतो. पहिल्या दिवशी काळविटांनी दाराकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी मादी आत डोकावून परत आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसात वाजता ती आत गेली, आणि तिच्या मागून एकेक करत अकरा. नर पुढच्या दारात तसाच बसला होता. त्याने मानसुद्धा वळवली नाही.